ट्रेसचं बटण नंतर, आधी हँडल शिकवा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गणपती जवळ आले की इंदूरभर मंडळांचे बॅनर लागतात, गाड्यांवर रेडियम कटिंगची नावं चिकटतात, दुकानांवर ॲक्रिलिकची अक्षरं चढतात, आणि हे सगळं बघताना दरवर्षी जास्तच खटकतं की आपल्या अक्षरांची वळणं बिघडत चालली आहेत. 'व'चं पोट एका बाजूने चेपलेलं, 'ळ'च्या दोन गोलांचा एकमेकांशी मेळ नाही, वेलांटी वरून छान निघते आणि मधेच कोपरा घेऊन खाली येते. लोक म्हणतात मशीन खराब असेल. अहो मशीन फाइलमध्ये जे आहे तेच कापतं. चूक फाइल बनवण्यात आहे आणि त्याच्या मागे शिकवण्यात आहे, म्हणून हे पत्र.

डीटीपी आणि ग्राफिक्सचे क्लास आपल्याकडे भरपूर झालेत. पोरं तिथे शिकतात काय, तर मोबाईलवर फोटो काढा, कोरलमध्ये (कोरलड्रॉ या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) घ्या, ट्रेस दाबा म्हणजे फोटोवरून रेषा आपोआप बनते, झालं. घाईच्या कामाला ट्रेस चालतो, त्याला माझा विरोध नाही. पण ट्रेसला अक्षर कळत नाही, त्याला फक्त काळ्यापांढऱ्याची कड दिसते आणि त्या कडेवर जितके खड्डे तितके पॉइंट, म्हणजे रेषा ज्यांच्यातून जाते ते ठिपके, तो टाकत जातो, जिथे चार पॉइंट पुरले असते तिथे तीसचाळीस होतात आणि प्रत्येक पॉइंट थोडा इकडे थोडा तिकडे. स्क्रीनवर लहान दिसतं म्हणून कळत नाही. तेच अक्षर दोन फुटाचं केलं की सगळी थरथर उघडी पडते, प्लॉटरचं, म्हणजे कापणाऱ्या मशीनचं पातं त्या प्रत्येक खड्ड्यात वळतं आणि रेडियम सोलताना कड फाटते ती वेगळीच.

यावर उपाय म्हणजे पॉइंटमधून निघणारे ते दोन दांडे, टोकाला ठिपका असलेले, ज्यांना हँडल म्हणतात, ते हलवायला नीट शिकणं. हँडल कुठल्या दिशेला आहे त्यावर रेषा पॉइंटमधून कुठे निघणार ते ठरतं, आणि हँडल किती लांब आहे त्यावर ती दिशा रेषा कुठपर्यंत धरून ठेवणार ते ठरतं. रेषा सहसा हँडलच्या टोकाला टेकत नाही, नुसती तिकडे ओढली जाते. पॉइंट कुठे टाकायचे हेही ठरलेलं आहे, गोलाईत जी सगळ्यात वरची, सगळ्यात खालची, सगळ्यात डावी आणि सगळ्यात उजवी जागा असते तिथे, आणि तिथली हँडलं अगदी आडवी नाहीतर अगदी उभी. पूर्ण वर्तुळ चार पॉइंटमध्ये होतं, हँडलची लांबी त्रिज्येच्या साधारण ०.५५ पट ठेवायची, म्हणजे ५० मिलिमीटर त्रिज्येला साडेसत्तावीस मिलिमीटर. हे एकदा स्वतः करून बघितलं की पोरांच्या डोळ्यात बसतं, मग 'व'चं पोट चेपलं तर कुठलं हँडल आखूड पडलंय ते न सांगता कळतं.

देवनागरीत यापुढची एक गोष्ट आहे जी मी कुठल्याच क्लासमध्ये शिकवताना बघितली नाही. आपलं अक्षर तिरक्या कापलेल्या बोरूचं, त्यामुळे रेघ कुठे जाड कुठे बारीक होते. आउटलाइन काढताना बाहेरची कड आणि आतली कड अशा दोन वळणांची जोडी असते, आणि दोन्हीकडचे पॉइंट समोरासमोर ठेवले तरच जाडी हळूहळू बदलते, नाहीतर मधेच फुगवटा येतो. काना शिरोरेषेला मिळतो तिथे कोपऱ्याचा पॉइंट हवा, पोटाच्या वळणावर स्मूथ हवा, ज्यात दोन्ही हँडलं एका सरळ रेषेत राहतात पण लांबी वेगळी चालते. कोरलमध्ये हे शेप टूलमध्ये आहे, एफ १० दाबलं की झालं. ज्याला सॉफ्टवेअर विकत घेणं जमत नाही त्याच्यासाठी इंकस्केप आहे, २००३ पासून फुकट मिळतंय आणि नोड (तिथे पॉइंटला नोड म्हणतात), हँडल सगळं त्यात आहे.

हँडलने वळण काढायचं हे गणित मुळात गाड्यांच्या पत्र्यासाठी निघालं हे पण पोरांना सांगायला हवं. फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीत द कास्तेल्जो यांनी १९५९ च्या सुमारास ते मांडलं पण कंपनीने बाहेर येऊ दिलं नाही, नंतर रेनॉ कंपनीत बेझिए यांनी स्वतंत्रपणे यावर काम करून प्रसिद्ध केलं म्हणून वळणाला त्यांचं नाव लागलं. १९८७ मध्ये इलस्ट्रेटर हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा हेच हँडल चित्र काढणाऱ्यांच्या हातात आलं. गाडीचा पत्रा असो की गणपतीच्या बॅनरवरचं 'श्री', हात तोच लागतो.

देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली चित्रकार बेंद्रे आणि हुसेन ज्या गावात रेषा शिकले त्या गावातल्या पोरांना हे जमणार नाही असं मला अजिबात वाटत नाही, कोणी बसून शिकवत नाही एवढंच आहे. क्लासवाल्यांना विनंती आहे की पहिला महिना ट्रेस बंद ठेवा, 'अ' ते 'ज्ञ' पॉइंट टाकून हाताने काढून घ्या. मंडळांना विनंती आहे की बॅनरचा मजकूर आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवू नका, चार दिवस आधी द्या आणि अक्षर नव्याने काढायचे वेगळे पैसे द्या, कारण त्यात खरंच वेळ जातो. आणि आपल्या इथल्या मराठी संस्थांनी गणपतीच्या आधी एखादा रविवार आणि एक हॉल द्यावा, चारपाच कॉम्प्युटर असले तरी पुरे, शिकवायला मी येईन, पैसे नकोत.

आपला,
एक डीटीपीवाला वाचक, इंदूर