बनावट गिऱ्हाईक आणि अठ्ठेचाळीस तास

रोम,
१२ नोव्हेंबर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पटकथेसाठी एकच इटालियन सिनेमा बघायचा तर एन्झो कास्तेल्लारीचा १९७७ चा 'ला व्हिया देल्ला द्रोगा' बघ. इंग्रजीत 'हेरॉइन बस्टर्स' म्हणून सापडेल. फाबियो टेस्टी टोळीत शिरलेला पोलीस, डेव्हिड हेमिंग्ज इंटरपोलचा साहेब, संगीत गॉब्लिन या बँडचं. टेस्टी मुळातला स्टंटमन, त्यामुळे त्याची धावपळ खोटी वाटत नाही, आणि शेवटचा पाठलाग तर छोट्या विमानांपर्यंत जातो. इटालियन आवृत्तीत हेमिंग्जच्या ओठांकडे बघ. ओठ इंग्रजीत हलतात, आवाज भलत्याच नटाचा. त्या काळात इथे सेटवरचा आवाज ठेवतच नसत, सगळं नंतर डबिंगमध्ये.

पाठलाग कसा रचायचा ते त्याच्याकडून शीक. पोलिसांचं कामकाज मात्र तिथून उचलू नकोस.

पहिली थाप इंटरपोलची. इंटरपोलचा माणूस कुणाला अटक करत नाही, पिस्तूल घेऊन गल्लीबोळांत फिरत नाही. देशोदेशींच्या पोलिसांनी एकमेकांना माहिती द्यायची, एवढंच ते कार्यालय. तेव्हा ते पॅरिसशेजारी सँ-क्लूला होतं, १९८९ पासून लिऑंला आहे. रोममध्ये बेड्या ठोकणार ते रोमचेच पोलीस.

दुसरी गोष्ट जास्त कामाची. आपल्याकडे बातमीत असतं ना, 'बनावट गिऱ्हाईक पाठवून सापळा रचला', त्या बनावट खरेदीला इटलीच्या अमली पदार्थ कायद्यात जागा मिळाली १९९० मध्ये, ३०९ क्रमांकाच्या हुकुमाच्या कलम ९७ ने. सिनेमा आला तेव्हा १९७५ चा कायदा चालू होता आणि त्यात अशा खरेदीचं कलमच नव्हतं. म्हणजे टेस्टीच्या खिशात पिस्तूल आहे, पण त्याला वाचवणारा कागद नाही! यावरच एक अख्खा सिनेमा उभा राहिला असता. कास्तेल्लारीला त्यात रस नव्हता.

आजचा कारभार २००६ च्या १४६ क्रमांकाच्या कायद्यातल्या कलम ९ वर चालतो. २०१० च्या दुरुस्तीने अमली पदार्थांचं कामही त्यातच आणलं. छुप्या पोलिसाने माल विकत घेणं, ताब्यात घेणं, बदलणं, लपवणं, खोट्या नावाची कागदपत्रं वापरणं, हे सगळं त्यात बसतं. पण मोहीम सुरू होण्याआधी सरकारी वकिलाला, इथल्या भाषेत 'पुब्लिको मिनिस्तेरो'ला, कळवावं लागतं आणि त्याने विचारलं तर त्या पोलिसाचं खरं नावही द्यावं लागतं. माल डोळ्यांसमोर असून मोठा मासा हाती लागावा म्हणून जप्ती लांबवायची असेल, तर वकिलाला लगेच कळवायचं, फोनवर चालतं, आणि कारणांसह अहवाल अठ्ठेचाळीस तासांत. तुझा ताण इथे आहे. रात्री दोनला गोदामाबाहेर गाडीत बसलेला फौजदार, आत माल, आणि वकिलाचा फोन वाजतोय पण उचलला जात नाही.

माल पुढे जाऊ द्यायचा झाला तर तो बदलून पाठवता येतो, पूर्ण किंवा थोडा; अमली पदार्थांच्या तस्करीविरुद्धच्या १९८८ च्या व्हिएन्ना करारातच तशी सोय आहे. फसतं ते वजनात आणि बांधणीत. रोज खोकी उचलणाऱ्या हाताला फरक लगेच कळतो. शिवाय वाटेतल्या एका देशाने नकार दिला की खेळ तिथेच संपला. आपल्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यातही २००१ च्या दुरुस्तीने कलम ५०ए आलं, ते याचसाठी. तुझी गोष्ट मुंबईत घडवलीस तर तेच वाच.

संवाद लिहिताना एक सांभाळ. छुप्या पोलिसाने, 'अरे, कुठूनतरी आणून दे ना,' असं स्वतःहून म्हणायचं नाही. चालू गुन्ह्यात शिरणं वेगळं आणि गुन्हा करायला लावणं वेगळं. पोर्तुगालच्या एका हेरॉइन खटल्यात साध्या वेशातल्या दोन पोलिसांनी नेमकं तेच केलं. १९९८ मध्ये स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने त्या आरोपीला न्याय्य सुनावणी मिळाली नाही असा निकाल दिला. तुझ्या मसुद्यात तिसऱ्या प्रसंगात नायक हेच वाक्य बोलतो. काढून टाक.

आणि बोटावर पावडर घेऊन चाखणं तर अजिबात नको, ते सिनेमावाल्यांचं खूळ आहे. जागेवर मार्क्विस रसायनाचा थेंब टाकतात, फॉर्माल्डिहाइड आणि तीव्र गंधकाम्ल. हेरॉइन असेल तर जांभळा रंग येतो. तोही नुसता अंदाज. पुरावा म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल.

न्यायालयातला प्रसंग ठेवणार असशील तर एक सोय आहे: इथे छुपा पोलीस साक्षीला उभा राहिला की मोहिमेतलं खोटंच नाव सांगू शकतो.

पुढचा मसुदा पाठवशील तेव्हा प्रत्येक प्रसंगाशेजारी वेळ लिही, म्हणजे अठ्ठेचाळीस तासांचा हिशोब बसतो का ते बघता येईल. आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
आत्या