सीबीसीच्या कागदात सीटी सापडत नाही

मिरज,
२ ऑगस्ट

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आला तेव्हा मी पोर्टेबल एक्स-रे मशीन ढकलत आयसीयूत निघालो होतो, त्यामुळे धड बोलता आलं नाही. रात्री तू पाठवलेले फोटो नीट बघितले. सईचा डोक्याचा सीटी, छातीचा एक्स-रे, सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद आणि त्यावर लाल पेनाने गोल केलेलं ‘लिम्फोसाइट १८’. सीटीच्या किरणांनी पोरीच्या रक्तातल्या पेशी जळल्या, असं तुझं म्हणणं. गोल तूच केलास ना? वहिनी असलं काही करणार नाहीत. फोनवर सांगायला गेलो तर तू मध्येच वाद घालशील, म्हणून लिहूनच काढतो.

आधी तो गोल. १८ हा टक्का आहे रे, पांढऱ्या पेशींतल्या लिम्फोसाइट ह्या एका जातीचा. एकूण पांढऱ्या पेशी ११,८००, म्हणजे लिम्फोसाइट २,१०० च्या वर झाल्या. नऊ वर्षांच्या पोरीला तेवढ्या पुष्कळ. टक्का खाली दिसतोय कारण न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचीच दुसरी जात) चढलेत. सायकलवरून आपटली, टाके पडले, दुसऱ्या दिवशी ताप भरला, मग ते चढणारच. तरी तुमच्या मुलांच्या डॉक्टरांना कागद दाखव. मी शेवटी फोटो काढणारा माणूस. पण ‘सीटीने पेशी जळल्या’ हे डोक्यातून काढ. मोजणीत फरक पडायला सगळ्या अंगाला अर्ध्या ग्रेच्या (ग्रे हे किरणांच्या डोसाचं माप) आसपास, म्हणजे ५०० मिलिग्रे डोस बसावा लागतो. हल्लीच्या एका सीटीत हाडातल्या मज्जेला सरासरी ८ मिलिग्रे बसतो. छातीचा एक्स-रे तर ह्या हिशेबात धरूही नकोस.

मग रक्ताला काहीच होत नाही का? होतं. मी तुला खोटा धीर देणार नाही.

किरण पेशीतून जाताना मुख्यतः तिथल्या पाण्याला धडकतो. पाण्याचे तुकडे होतात, आणि ते तुकडे शेजारच्या डीएनएला चावतात. डीएनए म्हणजे दोन पदरी दोरी. एक पदर तुटला तर पेशी दुसऱ्यावर बघून तो सहज सांधते. दोन्ही पदर एकाच जागी तुटले तर काम अवघड. १ मिलिग्रेला ढोबळमानाने तीसेक पेशींमागे एका पेशीत अशी दुहेरी तूट होते. तांबड्या पेशींना डीएनए ठेवणारं केंद्रकच नसतं, त्यामुळे त्या निवांत. लिम्फोसाइटचं मात्र विचित्र आहे. एरवी ज्या पेशी भराभर विभागतात त्या किरणांना लवकर बळी पडतात, असा १९०६ पासूनचा फ्रेंचांचा नियम. लिम्फोसाइट रक्तात गप्प बसून असते, विभागत नाही, तरी सगळ्यांत नाजूक तीच. किरणांच्या मोठ्या अपघातात पहिल्या एक-दोन दिवसांत कोसळतात त्या ह्याच पेशी.

ह्या तुटी मोजताही येतात. जर्मनीतल्या एका गटाने २००५ मध्ये सीटी झालेल्या पेशंटांचं रक्त घेऊन, तूट झाली की तिच्याभोवती गोळा होणाऱ्या प्रथिनाचे चमकणारे ठिपके मोजले. सीटीनंतर ठिपके वाढले, तासातासाने कमी होत गेले, आणि बहुतेकांचे दुसऱ्या दिवसापर्यंत मूळ पातळीवर आले. म्हणजे तू तो लाल गोल काढत होतास तेव्हा सईच्या पेशींची डागडुजी बहुधा उरकलीही होती.

आता एक प्रकार सांगतो, मी ह्या विषयात का शिरलो ते कळेल. आमच्यातल्या एकाचा बॅज, किरणांचा डोस मोजायला आम्ही छातीला लावतो आणि दर तीन महिन्यांनी तपासणीला पाठवतो तो, स्क्रीनिंगच्या टेबलाखाली पडला. त्या टेबलाची एक्स-रेची ट्यूब खालीच. बॅज तिथे दोन-अडीच महिने बेरियमच्या तपासण्यांचे किरण खात बसला आणि गड्याने कुणाला सांगितलं नाही. रीडिंग आलं १०० मिलिसिव्हर्टच्या वर (एक्स-रेच्या बाबतीत मिलिग्रेच समज). आम्हा किरणांजवळ काम करणाऱ्यांना वर्षाला सरासरी २० ची मर्यादा, कुठल्याही एका वर्षात ३० च्या पुढे नाही. चौकशी लागली, आणि त्याला तपासणीसाठी रक्त द्यायला मुंबईच्या प्रयोगशाळेत बोलावलं. रात्रीच्या गाडीत बिचाऱ्याने पाणीसुद्धा प्यायलं नाही, म्हणून मी सोबत गेलो.

तिथल्या बाईंनी मला मायक्रोस्कोपला डोळा लावू दिला. गप्प बसलेल्या लिम्फोसाइटना विभागायला लावण्यासाठी रक्तात एक अर्क घालतात, तो निघतो राजम्यापासून! आपल्या ताटातल्या राजम्यापासून. अठ्ठेचाळीस तास ३७ अंशावर ठेवायचं, ऐन विभागणीत थांबवायचं आणि एकेक पेशी डोळ्यांनी बघायची. प्रत्येक गुणसूत्राला कंबर एकच असते. तुटलेली दोन टोकं चुकून एकमेकांना जोडली गेली तर दोन कमरांचं गुणसूत्र तयार होतं. बाईंनी एका जुन्या स्लाइडवर ते दाखवलं. दोन फुल्या हातात हात घालून उभ्या असाव्यात तसं. एकदा दिसलं की विसरता येत नाही. साध्या माणसाच्या हजार पेशींत असं एखादं सापडतं. आमच्या माणसाच्या पाचशे पेशी तपासल्या, एकही नाही. बॅजने खाल्लेलं त्याच्या अंगाला लागलेलं नव्हतं. परतताना स्टेशनवर त्याने तीन वडापाव खाल्ले.

आणि लक्षात घे, ही परीक्षासुद्धा १०० मिलिग्रेच्या खाली फारसं सांगू शकत नाही. सईचं रक्त मुंबईला पाठवायचं मनात आणू नकोस.

तू मेरी क्युरीचं काढलंस. ती १९३४ साली अप्लास्टिक ॲनिमियाने गेली, म्हणजे मज्जेने रक्त करणंच सोडलं. पण १९९५ मध्ये तिची शवपेटी पॅरिसच्या पँथिऑन ह्या स्मारकात हलवताना किरणांचं मोजमाप झालं, तेव्हा तज्ज्ञांनी रेडियमपेक्षा पहिल्या महायुद्धातल्या एक्स-रे गाड्यांकडेच बोट दाखवलं. बाई स्वतः मशीन चालवायची, तेही वर्षानुवर्षं आणि आडोशाशिवाय. इंग्लंडात १९३५ ते ५४ मध्ये कण्याच्या आजारावर एक्स-रेचे शेक दिले गेले. त्या पेशंटांत रक्ताचा कर्करोग वाढलेला १९५७ मध्ये दिसला. डोस होते कित्येक ग्रेचे. सईच्या पंक्तीला ह्यांना बसवू नकोस.

तिच्या पंक्तीचा अभ्यास २०२३ चा. युरोपातल्या नऊ देशांत बावीस वर्षांच्या आत सीटी झालेली जवळपास साडेनऊ लाख मुलं त्यात होती. निष्कर्ष असा, की अशा दहा हजार मुलांमागे पुढच्या बारा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाच्या एक ते दोन केसेस सीटीमुळे वाढतील. शून्य नाही. पण सई पडल्यावर दोनदा ओकली होती आणि तुला ओळखत नव्हती. त्या वेळी डोक्यात रक्तस्राव आहे का, हे न बघणं जास्त महागात गेलं असतं. माझ्या मुलीचा मी दहा मिनिटांत काढला असता.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. सर्दीला सायनसचा सीटी, आणि दुसऱ्या दवाखान्यात गेलं की ‘आमच्याकडचा नवा काढा’. माझ्या पहिल्या नोकरीत एप्रन एकच होता, तो मालक घालायचे. मी उघड्या हाताने पोरांचे पाय धरून उभा राहायचो. दर सहा महिन्यांनी सीबीसी करायचो आणि ‘नॉर्मल’ वाचून खूष व्हायचो. तुझ्यासारखाच.

तेव्हा आता सीबीसी पुन्हा करू नकोस. सीटीची सीडी आणि फिल्म एका पिशवीत घालून कपाटात ठेव, तारीख वर लिही, आणि पुन्हा कुणी फोटो सांगितला तर आधी ती पिशवी पुढे कर.

गणपतीत आम्ही चौघं येतोय. टाके कधी काढणार ते कळव. आणि सईला राजमा आवडत नाही ना? तिला ती अर्काची गोष्ट सांग, नंतर ताटात वाढ.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीपाद