टाय रॉड बदलताना मदत करणाऱ्यांचे आभार

जुन्या गाडीचे स्टीअरिंगचे टाय रॉड (स्टीअरिंगची हालचाल चाकांपर्यंत पोहोचवणारे दांडे) घरीच बदलण्याचे काम नुकतेच पार पडले, आणि ज्यांची नावेही मला ठाऊक नाहीत अशा अनेकांनी वेळ काढून दिलेल्या सल्ल्याबद्दल त्यांचे मनःपूर्वक आभार मानणे मी माझे कर्तव्य समजतो. गाडी नुसत्या जॅकच्या भरवशावर न ठेवता पक्क्या स्टँडवर टेकवूनच चाक काढावे, असे ज्यांनी निक्षून बजावले, त्यांचे ऋण सर्वांत मोठे आहे. टाय रॉडच्या टोकाचा निमुळता खुंट स्टीअरिंग आर्ममध्ये (चाक वळवणाऱ्या भुजेत) गच्च रुतलेला असतो. नट काही आटे सैल करून तसाच राहू द्यावा आणि खुंटावर घाव न घालता आर्मच्या डोळ्याला (खुंट बसतो त्या छिद्राभोवतीच्या भागाला) बाजूने हातोडीचे ठोके द्यावेत, म्हणजे तो सुटतो आणि सुटल्यावर खालीही आदळत नाही, ही युक्ती सांगणाऱ्यांचा अनुभव शब्दाशब्दांतून जाणवत होता. (पुलर, म्हणजे खुंट सोडवण्याचे अवजार, हाताशी असेल तर तो केव्हाही बरा, हेही त्यांनीच सांगितले.) चेकनटच्या (टोक जागी घट्ट धरणाऱ्या नटाच्या) जागी खूण करावी, जुने टोक काढताना फेरे मोजावेत आणि नवे तितकेच फेरे बसवावे, ही सूचना मोलाची ठरली, मात्र त्याने टो (चाके आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते माप) अंदाजापुरताच जुळतो, म्हणून लगेच व्हील अलाइनमेंट करून घ्यावे, हा एकांचा आग्रह अगदी रास्त होता. नटाच्या खाचा खुंटाच्या छिद्राशी जुळत नसतील तर नट मागे न फिरवता थोडा पुढे आवळावा आणि स्प्लिट पिन (नट सैल होऊ नये म्हणून त्या छिद्रातून घालायची पिन) नवीच वापरावी, याची आठवण करून देणाऱ्यांचाही मी आभारी आहे.