पोटभर जेवा म्हणालो होतो रे

वेळास,
१४ मार्च

बंड्या शिंच्या,

गणपतीनंतर पत्र नाही, फोन नाही. तू तोंड फुगवून बसला असशील. गुडघे चालवून घेतोय, शुगर आहे तिथेच. वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं मला एसटीत कळलं, पण ते असो.

आज लिहितोय ते तुलाच सांगता येईल. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर बाणकोटपर्यंत बोभाटा.

कासवं बघायला इंग्लंडचं एक म्हातारं जोडपं आपल्याकडे तीन रात्री उतरलं होतं. पहिल्या संध्याकाळी पिल्लं समुद्रात गेलेली बघून, वाळू तुडवत परत आले. म्हाताऱ्याने ओटीवर बसकण मारली नि म्हणाला, 'आय ॲम नॅकर्ड.' हिने ऐकलं 'नेकेड'! पदर तोंडाला लावून माजघरात पळाली आणि माझी लुंगी त्यांच्या दाराला अडकवून आली. पुण्याचा पुतण्या हसून लोळला. नॅकर म्हणजे तिकडे म्हातारे घोडे कापायला विकत घेणारा. थोडक्यात, म्हातारा 'पार मोडलो' म्हणत होता.

रात्री उकडीचे मोदक. चौथ्याला म्हातारीने पोटावर हात ठेवला, 'आय ॲम स्टफ्ड.' हे मला बरोब्बर कळलं. शब्द आवडलाही. दुसऱ्या दिवशी पहिल्याच घावनाला म्हणाली 'चफ्ड'. मला वाटलं तेच, म्हणून ताट उचललं. तर चफ्ड म्हणजे खूश! बिचारी उपाशी खूश.

इथवर ठीक. निघताना हिने फणसपोळ्या बांधून दिल्या, आणि मी हात जोडून, मान लववून म्हणालो, 'गेट स्टफ्ड!' तीनदा. म्हटलं, पोटभर खा. म्हातारी हसली, म्हातारा खोकला, गाडी गेली. मग पुतण्या म्हणतो, काका, मागे 'गेट' लावलं की त्याचा अर्थ 'मसणात जा'. नाना फडणविसांच्या गावात इंग्रजाशी असं बोलणं!

चार रात्री झोप नाही. माफीचं मेल लिहायला घेतलं. सिनेमात अमेरिकन माणूस रागावला की 'पिस्ड' म्हणतो, म्हणून लिहिलं, 'तुम्ही पिस्ड नसाल अशी आशा.' पुतण्याने हात धरला. इंग्लंडात त्याचा अर्थ प्यायलेला. रागासाठी पुढे 'ऑफ' लागतं. म्हणजे आधी मसणात पाठवलं, वर शुद्धीवर आहात का विचारलं!

तू तीस वर्षं बोटीवर गोऱ्यांत काढलीस, म्हणून विचारतो. माफी मागू की गप्प बसू? त्यांना मनातलं कळलं असेल, तर माफीने उगाच खपली निघेल. नसेल कळलं, तर तिकडे शेजाऱ्यांना काय सांगत असतील?

तुझ्यावर भरवसा तसा नाहीच. आठवीत शाळा तपासायला दिपोटी आले, 'आई स्वयंपाक कुठे करते' असं इंग्रजीत विचारलं, आणि तू कानात कुजबुजलास 'चिकन'. मी खणखणीत म्हटलं! आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा वर्ज्य. छड्या मी खाल्ल्या. 'किचन म्हणालो होतो' असं तू अजून शपथेवर सांगतोस.

धाकट्याचं लग्न जमलं का? कळव. मेच्या आत ये, हापूस यंदा कमीच आहे.

आणि उत्तर लिहून पाठव. फोनवर सांगू नकोस.

तुझा,
आप्पा