बाळंतपणाला घरी येत नाही म्हणून

पुणे

तीर्थरूप आई व बाबांस, शिरसाष्टांग नमस्कार.

परवा आईने फोनवर बाळंतिणीची खोली सारवून झाल्याचे आणि न्हाणीघरातला तांब्याचा हंडा घासून ठेवल्याचे सांगितले, तेव्हा माझ्याने पुढे काही बोलवेना. मी बाळंतपणाला वेळणेश्वरला येणार नाही. आम्ही दोघांनी तसे ठरवून डॉक्टरांना कळवलेही आहे. पहिले बाळंतपण माहेरीच, हे आईचे बोलणे मी परकर नेसत होते तेव्हापासून ऐकत आले आहे, म्हणून हे लिहिताना हात जड होतो.

कारण अर्थातच माझा डावा पाय. क्लिपेल-त्रेनॉने सिंड्रोम, म्हणजे जन्मतःच पायाच्या शिरा वेड्यावाकड्या, कातडीवर लाल डाग आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा, हे १९०० साली दोन फ्रेंच डॉक्टरांनी वर्णन केलेले दुखणे आपण घरात ‘पाय’ एवढ्याच नावाने सांभाळले. गरोदरपणात मात्र, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून, निसर्गच रक्ताची गोठण्याची शक्ती वाढवतो, आणि वाढते गर्भाशय ओटीपोटातल्या शिरांवर दाब आणते. माझ्या पायातल्या वेड्यावाकड्या शिरांत रक्त मुळातच तुंबते, त्यामुळे तिथे गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचे भय मला इतर बायकांपेक्षा जास्त आहे. म्हणून मी दिवसभर घट्ट मोजा घालते आणि रोज रात्री पोटावर एनॉक्सापेरिन या गुठळी होऊ न देणाऱ्या औषधाचे इंजेक्शन घेते. आई, घाबरू नकोस. सुई अगदी बारीक असते आणि हे औषध वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही.

सातव्या महिन्यात एमआरआय होईल. तशाच फुगीर शिरा योनिमार्गाजवळ किंवा गर्भाशयावर असतील, तर नैसर्गिक प्रसूतीत काय आणि सिझेरियनमध्ये काय, रक्तस्राव फार होऊ शकतो. कण्याजवळ असतील, तर कमरेत भुलीची सुई देणे धोक्याचे ठरते. बाळंतपण कसे करायचे ते हे पाहूनच ठरेल. त्या वेळी भूलतज्ज्ञ, रक्तवाहिन्यांचे सर्जन आणि माझ्या गटाचे रक्त एकाच रुग्णालयात हाताशी हवे. आपल्या घरून चिपळूण गाठायलाच दीड तासाच्या वर लागतो, तारीख ऐन श्रावणातली आहे, आणि कुंभार्ली घाटात दरड आली तर काय होते ते बाबांना मी सांगायला नको. घरावरची माया कमी झाली म्हणून मी हे ठरवलेले नाही, एवढे मनात पक्के धरा.

आई, आणखी एक. ग्रहणात तू विळीवर नीरफणस चिरलास म्हणून माझ्या पायावर लाल डाग आला, असे आजी म्हणायची आणि तू खाली मान घालून ऐकायचीस. खरे तर, गर्भ राहिल्यानंतर गर्भाच्याच काही पेशींतल्या एका जनुकात आपसूक बदल होतो आणि त्यातून हे दुखणे येते. बहुतेकांत तो पीआयके३सीए नावाच्या जनुकात सापडतो. तो तुझ्याकडून आला नाही, बाबांकडूनही नाही, आणि माझ्या बाळाकडे जाण्याची शक्यताही फारच कमी आहे. तुझ्या हातून काहीही चुकलेले नव्हते. डॉक्टरांनी मला हे समजावले त्याच दिवशी मी तुला सांगायला हवे होते, ते राहिले याचे फार वाईट वाटते.

बाबा, चिपळूणच्या दुकानात तुम्ही दर जूनला माझ्यासाठी दोन मापांचे दोन जोड घ्यायचात आणि उरलेली एकेक चप्पल माळ्यावर ठेवायचात. दुकानदाराने कधी विचारले, तर माझ्यासमोर त्याला उत्तर द्यायचा नाहीत. पाय उंच राहावा म्हणून खाटेच्या पायथ्याला तुम्ही घासून लावलेले जांभ्याचे तुकडे मला अजून आठवतात. इथे पलंगाखाली तसेच लाकडी ठोकळे लावून घेतले आहेत आणि झोप छान लागते.

आता माझे ऐका. शाकारणीला या वर्षी गडी लावा. बाबांनी छपरावर चढायचे नाही. आषाढ लागण्याआधीच दोघेही इकडे या. गोठ्याचे शेजारच्या काकूंना मी परस्परच विचारले आहे, त्याचा राग मानू नका. इथे लिफ्ट आहे, आईच्या गुडघ्यांसाठी उंच बैठकीचा संडास आहे, आणि सकाळचा मऊभात-मेतकूट चुकणार नाही. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीन महिन्यांच्या घ्या. अळीव आणि डिंक जरूर आण, बाळाला मनसोक्त न्हाऊ-माखू घाल. माझ्या डाव्या पायाला मात्र मालिश आणि शेगडीचा शेक करायचा नाही. गुठळीचे भय प्रसूतीनंतरच सर्वांत जास्त असते, म्हणून पुढचे ६ आठवडे इंजेक्शन चालूच राहील. सारवलेल्या खोलीत आम्ही दिवाळीला येऊ.

एसटीचे आरक्षण मी इथूनच करते. पुढची, खिडकीकडची जागा घेते, कारण आईला घाटात मळमळते; आवळासुपारी पिशवीत तळाशी न ठेवता हाताशी ठेवा.

तुमची,
बाय