ओजेटीचे १२० तास, पण वागायचे कसे?

संपादक महोदय,

नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर पदव्युत्तर वर्गांना ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष ऑफिसात जाऊन काम शिकणे, आले. विद्यार्थी त्याला ‘ओजेटी’ म्हणतात. चार क्रेडिट, एका क्रेडिटचे तीस तास, एकूण १२० तास. हा हिशेब सगळ्यांना पाठ आहे. त्या तासांत वागायचे कसे, हे मात्र कुठल्याच पेपरात येत नाही. ज्याच्या घरचे कोणी ऑफिसात जाते, त्याच्या ते जेवताना कानावर पडते. बाकीच्यांनी काय करायचे?

गडबड अर्जापासूनच होते. ‘नमस्कार सर’ एवढेच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मुले उत्तराची वाट बघत बसतात. नाव, अभ्यासक्रम, कोणत्या तारखेपासून, किती तास आणि तोच विभाग का, हे पहिल्याच निरोपात चार ओळींत यावे. बायोडेटा एक पानी, पीडीएफमध्ये. फाइलला ‘फायनल न्यू २’ नको, स्वतःचे नाव द्यावे. उत्तर नाही आले तर आठवड्याने त्याच मेलखाली एकदा आठवण करावी.

पहिले काही दिवस काम मिळत नाही, कारण आपल्याला काय येते हे तिथे कोणाला ठाऊक नसते. तेव्हा जो मोबाइल काढून बसतो, त्याच्या वाट्याला शेवटपर्यंत झेरॉक्स येते. ‘काही काम आहे का?’ला ‘बघू’ हेच उत्तर मिळते. त्यापेक्षा ‘ही बिले एक्सेलमध्ये तारखेनुसार लावून देऊ का?’ असे विचारावे. बिल चुकीच्या रकान्यात गेले तर त्याच दिवशी सांगावे. महिनाअखेरीस बेरीज जुळली नाही की सगळा गठ्ठा पुन्हा उपसावा लागतो, आणि तो उपसणारा माणूस तुमचे नाव विसरत नाही.

रोज निघताना वहीत तारीख, तास आणि कामाच्या दोन ओळी लिहून सही घ्यावी. शेवटच्या दिवशी सगळ्या सह्या एकदम मागायला जावे, तर साहेब नेमके रजेवर! प्रमाणपत्राचा मसुदाही आधीच बघून घ्यावा. नावाचे स्पेलिंग गुणपत्रिकेप्रमाणेच हवे.

महाविद्यालयांनी ओजेटीला पाठवण्याआधी यासाठी दोन तास काढावेत. ते आम्हा प्राध्यापकांऐवजी मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी घ्यावेत. कुठे काम मिळते आणि कुठे नुसता चहा, हे त्यांनाच माहीत असते.

– एक प्राध्यापक, नाशिक