सेन्सर बदलण्याआधी तारा तपासा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यानंतर दुसऱ्याच दिवशी डॅशबोर्डवरील एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा), एअरबॅग आणि स्टिअरिंग असे बिघाडाचे तिन्ही दिवे एकदम लागले. ठाण्यातील एका गॅरेजने चाकांचे दोन सेन्सर बदलले; दिवे तसेच राहिले, बिल मात्र वाढले.

गाडीतील निरनिराळ्या सेन्सरांची माहिती, प्रत्येकासाठी सर्वत्र स्वतंत्र तार न ओढता, पीळ दिलेल्या दोन तारांच्या सामायिक जोडणीवरून नियंत्रकांमध्ये (गाडीतील छोट्या संगणकांमध्ये) फिरते. बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केलेल्या या ‘कॅन’ पद्धतीत दोन संदेश एकाच वेळी निघाले, तर ज्याचा ओळख क्रमांक लहान तो पुढे जातो आणि दुसरा निमूटपणे थांबतो (ठाणे स्थानकात लोकलच्या दारापाशी हे कधी दिसायचे!). सगळ्यांची माहिती याच दोन तारांवरून जात असल्याने असंबंधित दिवे एकदम लागले, तर पहिला संशय या तारांवर घ्यायला हवा.

अखेर ओळखीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने बॅटरी सोडवून दोन तारांमधील विद्युतरोध मल्टिमीटरने मोजला. जोडणीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध असल्याने तो ६० च्या आसपास यायला हवा होता; आला १२०, म्हणजे एकाच टोकाचा रोध मोजला जात होता आणि वाटेत कुठेतरी जोड तुटलेला. चालकाच्या पायाखालच्या कार्पेटखाली हिरवट गंज चढलेला कनेक्टर निघाला आणि तो बदलून गाडीत साठलेल्या बिघाडाच्या नोंदी पुसल्यावर दिवे विझले.

पाच मिनिटांची ही मोजणी गॅरेजांनी आधी करावी आणि आलेला आकडा बिलावर लिहून द्यावा.

– एक वाहनधारक, ठाणे (प.)